माळ्यावरचा टेप पुन्हा बोलू लागला

गेल्या वेळी आपण गटाचं हिशेबाचं रजिस्टर कसं लिहायचं ते बोललो. आज कर्ज नाही, व्याज नाही, बँकेचं काही नाही. आज मी माझ्या एका छंदाबद्दल बोलणार आहे. बाजारच्या दिवशी माझ्या पिशवीत भाजीबरोबर वायरी आणि स्क्रू ड्रायव्हर दिसतात, म्हणून काही जणी हसतात. त्या हसण्याचं आज उत्तर देते.

माझा छंद आहे जुने टेप दुरुस्त करायचे आणि त्यांना नवी जोड द्यायची. टेप म्हणजे आपल्या घराघरांत होता तो टू-इन-वन. वर धरायला दांडी, दोन बाजूंना दोन स्पीकर, मधे कॅसेटची खाच आणि वर रेडिओची काट्याची पट्टी. कॅसेट ही फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये बाजारात आणली. पुढं रेडिओ आणि टेप एकाच डब्यात आले आणि आपण त्याला टू-इन-वन म्हणायला लागलो. कुणाच्या घरी तो मुंबईहून आला, कुणाच्या घरी आखातात कामाला गेलेल्या भावानं आणला, कुणाला लग्नात मिळाला. पोळ्याला, बारशाला, हळदीला हाच वाजायचा. मग सीडी आली, मोबाइल आला आणि टेप माळ्यावर गेला.

आमच्या घरचा टेप माझ्या सासऱ्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो माळ्यावर पोत्यात बांधलेला होता. सासरे वारल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो खाली काढला त्याचं कारण आपलं हे रेडिओ केंद्रच आहे.

आपल्या देशात २००६ पासून सामाजिक संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळायला लागली. ही केंद्रं एफएमवर असतात. आमच्या गटाच्या बैठकीत दहा-बारा जणी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा असं ठरलं, पण ऐकायचा कशावर? मोबाइलमध्ये एफएम असलं तरी बहुतेक मोबाइलना त्यासाठी इअरफोनची वायर खुपसावी लागते, कारण ती वायरच एरियलचं काम करते. नव्या बऱ्याच मोबाइलमध्ये तर एफएम नाहीच. घरच्या टेपात रेडिओ होता, पण मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचा. तो घेतला तेव्हा आपल्याकडं एफएम फारसं नव्हतंच. म्हणजे आवाज मोठा, स्पीकर चांगले, पण आपलं केंद्र त्यावर लागणार नाही.

तालुक्याच्या गावी एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, एक बोर्ड मिळतो. त्यात ब्लूटूथ, एफएम, पेनड्राइव्ह सगळं असतं. तो आत बसवायचा आणि स्पीकर जुनेच वापरायचे." मी म्हटलं, "मला शिकवाल का?" ते माझ्याकडं बघत राहिले. मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. विजेची माहिती म्हणजे फ्यूज बांधण्यापुरती. पण त्यांनी शिकवलं. चार-पाच बाजारांच्या दिवशी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून मी डाग द्यायला शिकले, म्हणजे सोल्डर गननं वायर जोडायला. पहिल्या दिवशी बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी एक बोर्ड जाळला. बोर्डावर ५ व्होल्ट लिहिलं होतं आणि मी त्याला टेपाचे ९ व्होल्ट दिले. बारीक धूर निघाला आणि माझे दोन-अडीचशे रुपये गेले. तेव्हापासून वायर लावण्याआधी मी मीटर लावते.

शेवटी टेप तयार झाला. पण त्यात एक गोष्ट मी केली, ती ऐका. नवा बोर्ड आणि चार्ज होणारी बॅटरी ठेवायला मला जागा हवी होती. मी बघितलं, टेपाच्या पोटात सगळ्यात जास्त जागा कॅसेटच्या यंत्रानं खाल्ली आहे. मोटर, चाकं, बेल्ट, हेड. बेल्ट विरघळून डांबरासारखे चिकट झाले होते, चाकं फिरत नव्हती. आता कॅसेट कोण ऐकतंय, असं म्हणून मी ते सगळं उपटून काढलं. लोखंड म्हणून भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकलं. कॅसेटच्या खाचेच्या जागी बोर्ड बसवला आणि भोवतीची फट प्लास्टिकची पट्टी लावून झाकली.

बैठकीला टेप वाजला तेव्हा सगळ्या जणी खूश. आपल्या केंद्रावरचा आवाज खणखणीत आला. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी टेप उघडत होते त्या सगळ्या दिवसांतही त्या काही बोलल्या नव्हत्या.

दोन-तीन महिने गेले. एके दिवशी रात्रीची भांडी झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती कॅसेटची खाच कुटं गेली गं?" मी सांगितलं, काढली. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हिच्यात आय हाय माजी."

त्यांच्या आईनं सासूबाईंच्या धाकट्या भावाच्या लग्नात घाण्याच्या वेळी, जात्यावर हळद दळताना ओव्या म्हटल्या होत्या. सासऱ्यांनी टेप जवळ ठेवून त्या भरून घेतल्या होत्या. आई जाऊन आता वीस वर्षांवर झाली. फोटो एकच, तोही गर्दीतला. मी विचारलं, "आत्या, मी टेप उघडला तेव्हाच का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तू इतक्या हौसेनं करत हुतीस. मला वाटलं, नीट करतीयास."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी टेप नीट केला असं सगळ्यांना सांगत फिरत होते. ज्या घरात त्या टेपावर सगळ्यात जास्त हक्क ज्या बाईचा होता, तिला मी एका शब्दानं विचारलं नव्हतं. गटात आपण म्हणतो, प्रत्येकीचं मत घ्या. मी घरात घेतलं नाही.

मग मी दुसऱ्या टेपाच्या शोधाला लागले. दुकानातल्या काकांकडं चालू स्थितीतला नव्हता. पुण्याला कामासाठी जाणं होतं, तेव्हा जुन्या बाजारात गेले. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं जमिनीवर फडकं अंथरून कुलपांपासून कॅमेऱ्यांपर्यंत सगळं मांडलेलं असतं. एका फडक्यावर दोन स्पीकरचा स्टिरिओ टेप मिळाला. विकणारा म्हणाला, "वाजत नाही, शोपीस म्हणून घ्या." मी झाकण उघडून बघितलं. हेड झिजलेलं नव्हतं, यंत्र पूर्ण होतं, फक्त बेल्ट गेले होते. घासाघीस करून घेतला आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून नवे बेल्ट घेतले.

हे काम कसं केलं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर टेप असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी प्लग काढायचा आणि सेल काढायचे. आत मोठे कंडेन्सर असतात, त्यांत वीज साठून राहते. म्हणून प्लग काढल्यावरही काही मिनिटं थांबायचं. विजेची वायर जिथं आत येते तो ट्रान्सफॉर्मरचा भाग नवख्या माणसानं उघडायचाच नाही. तिथं २३० व्होल्ट असतात. ते काम दुकानातच द्यायचं.

सेलच्या जागी पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर हातमोजे घालून जुन्या ब्रशनं झाडायची आणि पत्र्या घासून चकचकीत करायच्या. ती पावडर हाताला, डोळ्याला लागू द्यायची नाही. फुटके सेल उकिरड्यावर टाकायचे नाहीत, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायचे.

बेल्टचं डांबर झालं असेल तर कापसाला स्पिरिट लावून चाकांवरून पुसून काढायचं. वेळ लागतो, हात काळे होतात, साडीला लागलं तर निघत नाही. मग नवा बेल्ट. हेड आणि रबराची छोटी चाकी पण स्पिरिटनं हलक्या हातानं पुसायची. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवायचं. निम्मे टेप एवढ्यावरच बोलायला लागतात.

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. दुरुस्त केलेल्या टेपात पहिल्यांदा मोलाची कॅसेट घालायची नाही. आधी बिनकामाची कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघायची. यंत्र फीत गिळत नाही याची खात्री झाली, की मगच आपली घालायची. फीत सैल असेल तर चाकात पेन्सिल घालून फिरवायची, हे तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

सासूबाईंची कॅसेट घालण्याआधी मी तिच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात तोडले. ते दात तोडले की त्या कॅसेटवर पुन्हा भरता येत नाही, चुकून लाल बटण दाबलं तरी. नंतर कुणाला भरायचंच असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावता येते. म्हणजे नुकसान काही नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही कॅसेट लावली. आधी खरखर आली. मग सिनेमाची गाणी. सासऱ्यांनी नंतर कधीतरी रेडिओवरची गाणी त्याच कॅसेटवर भरून घेतली होती. पहिली बाजू पूर्ण गाण्यांची. सासूबाई पदर हातात धरून बसल्या होत्या. दुसरी बाजू लावली, तिथंही गाणी. मी धीर सोडला होता. मग एकदम गाणी तुटली आणि जात्याची घरघर आली. त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, जरा नाकात, पण ठाम. ओवी चालू असतानाच मधे ती थांबून कुणाला तरी म्हणते, "अगं, पोरीला खाली ठेव, झोपली ती." सासूबाई म्हणाल्या, "ती पोरगी म्हंजे आपली शाली." शाली म्हणजे माझी मोठी नणंद.

एकूण अकरा मिनिटं उरली होती. एवढीच. त्या रात्री आम्ही ती तीनदा ऐकली.

आता तुम्ही म्हणाल, मग नवं काही लावायचंच नाही का? तसं नाही. हा दुसरा टेप पण ब्लूटूथवर चालतो, त्यावर आपलं केंद्र लागतं, आणि कॅसेटही वाजते. फरक एवढाच, की या वेळी मी काही काढलं नाही. जोडलं.

पहिली गोष्ट, टेप न उघडता काम होतंय का बघा. मागं 'ऑक्स' किंवा 'लाइन इन' असं लिहिलेली जागा असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर बाहेरून लावता येतो. कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ पण मिळतो. तो खाचेत घालायचा, मोबाइलवरचं गाणं टेपाच्या हेडमधून वाजतं.

उघडायचंच असेल तर आवाजाची नवी वायर व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी जोडतात. मधे सहा पायांचं एक छोटं स्विच बसवायचं. एका बाजूला जुना टेप-रेडिओ, दुसऱ्या बाजूला नवा बोर्ड. स्विच सरकवलं की डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांचा आवाज एकदम बदलतो. उद्या बोर्ड बिघडला तर वायर तोडायची, टेप जसाच्या तसा. बोर्डाच्या एफएमला पाऊण मीटर साधी वायर एरियल म्हणून पुरते.

व्होल्टचं गणित सोपं आहे. जाड सेल दीड व्होल्टचा. टेपात सहा सेल लागत असतील तर तो ९ व्होल्टचा, चार लागत असतील तर ६ चा. बोर्ड ५ व्होल्टचा असेल तर मधे व्होल्ट उतरवणारं स्टेप-डाऊन मॉड्यूल लावायचं. एकाच बॅटरीवर टेप आणि बोर्ड चालवले की कधी कधी मागं बारीक 'चिंऽऽ' असा आवाज येतो. त्यासाठी आयसोलेटेड मॉड्यूल मिळतं, ते लावल्यावर आवाज जातो. मला हे कळायला पंधरा दिवस लागले, तुमचे वाचले.

बॅटरीबद्दल मात्र गंमत नको. लिथियमचे दोन सेल एकापुढं एक जोडले की ७.४ व्होल्ट होतात, पूर्ण भरल्यावर ८.४. त्यावर ९ व्होल्टचा टेप छान चालतो. पण त्याला संरक्षणाचा बोर्ड आणि त्याच मापाचा चार्जर हवाच. फुगलेला सेल, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल, स्वस्त मिळाला म्हणून वापरायचा नाही. तो पेट घेतो. हे जोडकाम जाणकाराकडून तपासून घ्या.

आणि ती बॅटरी ठेवायची कुठं? ज्या जागेसाठी मी पहिल्या टेपाचं यंत्र उपटलं, ती जागा मागच्या बाजूला आधीपासूनच होती. सहा जाड सेलांचा कप्पा. बॅटरी तिथं आरामात बसते. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

कॅसेटमधला आवाज मोबाइलवर घ्यायचा असेल तर सगळ्यात साधा मार्ग म्हणजे रात्री शांत वेळी, पंखा बंद करून, मोबाइल स्पीकरसमोर ठेवून भरून घ्यायचा. याहून चांगलं हवं असेल तर टेपाच्या हेडफोनच्या जागेतून वायर कॉम्प्युटरला लावायची. टेपाचा आवाज अगदी बारीक ठेवायचा, नाहीतर फाटका येतो. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याला चालतं. भरलेलं दोन ठिकाणी ठेवायचं. आमच्या अकरा मिनिटांची एक प्रत नणंदेकडं आहे, एक पेनड्राइव्हवर. कॅसेट तरीही जपून ठेवली आहे.

जात्यावरच्या ओव्या केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला नंतर वाचनातून कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या एक लाखावर ओव्या गोळा करून घेतल्या. तुमच्या-माझ्या आज्यांसारख्या बायांच्याच त्या. तेव्हा आपल्या ट्रंकेतली कॅसेट 'जुनी झाली' म्हणून फेकू नका. आधी ऐका.

शेवटी हसणाऱ्या मैत्रिणींना उत्तर. मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "यात सुटतात किती?" काही सुटत नाहीत. उलट जातात. महिन्याला शे-दोनशे रुपये मी यासाठी बाजूला ठेवते, माझ्या मानधनातले, आणि त्याचा हिशेब वहीत लिहिते. शेळी, शिलाई, पापड, मसाला, आपण बायका हातात घेऊ त्या प्रत्येक गोष्टीला लगेच धंद्याचा तराजू लावला जातो. पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात, त्यांना कुणी विचारत नाही किती सुटतात. आठवड्यातले दोन तास माझे आहेत. जेवणं झाल्यावर दिवा जवळ घेऊन मी एखादा बंद पडलेला टेप उघडते. त्या वेळी मी कुणाची सून, कुणाची आई, कुणाच्या गटाची ताई नसते. बिघाड कुठं आहे एवढंच डोक्यात असतं.

मात्र आता उघडण्याआधी मी विचारते. टेप कुणाचा होता? यात कधी काय भरलं होतं? कॅसेट कुठं आहे? आतापर्यंत गावातले पाच टेप माझ्याकडं आले. विचारल्यावर त्यातल्या दोघींच्या ट्रंकेतून कॅसेट निघाल्या. एकीत तिच्या मुलाचे बोबडे बोल होते. तो मुलगा आता मिलिटरीत आहे.

तुमच्या घरी माळ्यावर टेप असेल तर या आठवड्यात खाली काढा. झटकून पुसून ठेवा. पण स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा आणि तिला विचारा. पुढच्या बैठकीला काय निघालं ते सांगा.

पुढच्या वेळी पुन्हा कर्जाच्या हप्त्यांकडं वळू. तोपर्यंत नमस्कार.